फोटोच्या पोटातलं नाव

मी जळका माणूस आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की बायको गेल्यावर म्हातारा देवमाणूस झाला. बायको गेली, वर्ष उलटलं, जळणं काही गेलं नाही. उलट गिऱ्हाईक वाढलं. आता मी सकाळी बागेत जोडीनं फिरणाऱ्या म्हाताऱ्यांवरसुद्धा जळतो. तो तिच्यावर ओरडत असतो, "चल की जरा लवकर." मला वाटतं, ओरड बाबा, तुझं बरं चाललंय.

शिक्षण सातवी. चाळीस वर्षं सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात माझा फोटो स्टुडिओ होता. दिवाळी अंकवाल्या बाईंनी सांगितलं, धंद्याबद्दल लिहा. दुकान कधी टाकलं, पहिला कॅमेरा कुठला, हे मी लिहिणार नाही. ते कुणी वाचत नाही. मी फोटोच्या पोटातल्या चिठ्ठीबद्दल लिहिणार आहे, कारण त्या चिठ्ठीत मी एक घाण करून ठेवली आणि ती मलाच निस्तरावी लागली.

चिठ्ठी म्हणजे काय ते आधी सांगतो. रोलच्या काळात फोटोला पाठ असायची. पाठीवर पेन्सिलनं नाव, तारीख लिहायचं, संपलं. डिजिटल आल्यावर पाठ गेली. मग कॅमेरा स्वतःच फोटोच्या आत एक चिठ्ठी लिहून ठेवायला लागला. ती फोटोवर दिसत नाही. फाइलच्या पोटात असते. कुठल्या कंपनीचा कॅमेरा, किती वाजून किती मिनिटांनी काढला, फ्लॅश उडाला की नाही, आणि एका कप्प्यात फोटो काढणाऱ्याचं नाव. शिकलेले लोक तिला मेटाडेटा म्हणतात. मी चिठ्ठी म्हणतो. ती वाचताही येते आणि बदलताही येते. सगळी भानगड त्या बदलता येण्यात आहे.

आता शिवलिंगप्पा. माझ्या दुकानासमोर त्याचं दुकान. मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी. माणूस असा की गिऱ्हाइकाला आधी बसायला सांगणार, मग पाणी देणार, मग विचारणार काय काम आहे ते. मी आधी विचारायचो पासपोर्ट का पोस्टकार्ड. लोक त्याच्याकडे जायचे. मला वाटायचं पाण्यामुळं जातात. मीही माठ ठेवला. तरी लोक त्याच्याचकडे. त्यानं बोर्ड बदलला की मी बोर्ड बदलायचो. त्यानं डिजिटल कॅमेरा घेतला, त्याच्या पुढच्या आठवड्यात मी पुण्याला जाऊन अगदी तोच घेतला, तेच मॉडेल, तीच लेन्स. बायको म्हणाली, "निदान रंग तरी येगळा घ्यायचा." कॅमेरे सगळे काळेच असतात हे तिला माहीत होतं. टोमणा होता तो.

बायकोचं नाव कलावती. तिच्याबद्दल पुढं येईलच.

एक गिऱ्हाईक सांगतो. मंगळवेढ्याहून एक गृहस्थ आले. पांढरं धोतर, पायात करकरीत वाजणारी चप्पल, खिशात मोबाइलच्या आकाराची एक डबी, तिच्यात तंबाखू. दोघा भावांचं एका भिंतीवरून भांडण चालू होतं. ह्यांचं म्हणणं, भिंत आधीपासून होती. भाऊ म्हणत होता, परवा बांधली. ह्यांच्याकडं भिंतीचा फोटो होता, त्यांच्या जावयानं काढलेला, पण कुणीतरी सांगितलेलं की कोर्टात फोटोच्या आतली तारीख काढून बघतात.

म्हणाले, "तारीख तेवढी दोन वर्सं मागं घ्या."

"जमणार न्हाई," मी म्हणालो.

"का?"

"खोटं काम करत न्हाई आपण."

ते उठले आणि समोर गेले. शिवलिंगप्पानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि तासभर समजावलं की भिंतीपेक्षा भाऊ कसा मोठा असतो वगैरे. गृहस्थ डोळे पुसत बाहेर आले. आठ दिवस सगळ्या बोळात चर्चा, शिवलिंगप्पा काय माणूस आहे! 'नाही' म्हणून तर मीही म्हणालो होतो की! पण खरं सांगतो, मी नाही म्हणालो कारण मला तारीख बदलता येत नव्हती. त्याला येत होती. आज एवढ्या वर्षांनी लिहिताना कळतंय की मी त्याच्या चांगुलपणावर तेव्हा जळलो नाही. त्याला येत होतं ह्यावर जळलो.

मग आमच्या घरी अंबिका आली. माझी सून. मला मामा म्हणते, कलावतीला आत्या म्हणायची. मुलगा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, त्याला कॅमेरा धरताही येत नाही. सून मात्र बीसीए झालेली, घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिला आल्या आल्या मी माझी अडचण सांगितली. मंद्रूपचं एक लग्न होतं. मी दोन कॅमेरे वापरले होते आणि एकाचं घड्याळ बारा तासांनी चुकलेलं, दुपारच्या ठिकाणी मध्यरात्र. कॉम्प्युटरनं चिठ्ठीतल्या वेळेप्रमाणे फोटो लावले. अल्बमवाल्यानं न बघता तसेच छापले. त्यामुळं अल्बमात पोरगी पहिल्या पानावर जेवली, मधल्या पानांवर रडून सासरी निघाली आणि शेवटी अक्षता पडल्या.

पोरीचा बाप अल्बम बगलेत मारून आला. "नागनाथ, आमच्याकडं आधी लगीन लावत्यात, मग पोरगी धाडत्यात. तुमच्या सोलापुरात कसं हाय?"

तोंड लपवायला जागा नव्हती. अंबिकानं ते फोटो घेतले, काळ्या पडद्यावर दहा-बारा ओळी लिहिल्या. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "मामा, ह्याला पायथन म्हणतात. ह्यात मी एक लायब्ररी घेतलीय."

मी म्हणालो, "वाचनालय?"

हसली. मग समजावलं. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं सामान. चिठ्ठी कशी उघडायची, कुठला कप्पा कुठं आहे, हे त्या सामानाला माहीत असतं. आपण फक्त हुकूम द्यायचा, ह्या फोल्डरमधला एकेक फोटो उचल, वेळेचा कप्पा वाच, त्यात बारा तास मिळव, परत लिही. मला लगेच कळलं. डार्करूमला आम्ही तरी डेव्हलपर कुठं स्वतः बनवत होतो. तयार पुडी आणायचो, पाण्यात मिसळायचो. तिनं एक बटण दाबलं आणि नऊशे फोटोंची वेळ चहा गार व्हायच्या आत सरळ झाली. मंद्रूपच्या पोरीचं लग्न लागलं.

मला एवढा अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी बोळात सांगत सुटलो. मुद्दाम शिवलिंगप्पाच्या दुकानासमोर थांबून मोठ्यानं. तो बाहेर येऊन म्हणाला, "लई छान. पोरगी हुशार हाय." तेही मला झोंबलं. जळला पाहिजे होता.

आता घाण.

त्याच सुमारास एका मंगल कार्यालयाच्या मालकाला भिंतींवर लावायला मोठे फोटो पाहिजे होते. त्याच्याच हॉलमधल्या लग्नांचे, खाली फोटोग्राफरचं नाव छापून. मला म्हणाला, तुमच्याकडं जेवढे आहेत तेवढे द्या, मी निवडतो. माझ्या हार्डडिस्कवर त्या हॉलमधलं एक मोठं लग्न होतं. त्यात नवरीकडून मी होतो आणि नवऱ्याकडून शिवलिंगप्पा. दोघांचे मिळून एकच अल्बम करायचा होता, म्हणून त्यानं त्याचे फोटो विश्वासानं मला आणून दिले होते. ते तसेच माझ्या डिस्कवर राहिले. अल्बम करताना लागतील तेवढेच मी बघितले होते. चांगले होते. चांगले म्हणजे, माझ्यापेक्षा. मालक निवडणार तर तेच निवडणार, आणि त्याच्या नावानं माझ्या हातून ते भिंतीवर जाणार. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंबिकाला म्हणालो, "आपल्या डिस्कवरच्या सगळ्या फोटोंत माझं नाव घालून दे. चोऱ्या लई होत्यात आजकाल."

ती बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, नावाचा कप्पा बऱ्याच ठिकाणी रिकामाय. पण काहींत दुसरंच नाव दिसतंय."

"चुकून पडलंय ते."

"सगळे आपलेच आहेत ना?"

"सगळे आपलेच."

"लिहिलं की जुनं नाव जाईल. आधीची एक कॉपी ठेवू?"

"कशाला? डिस्क भरती उगंच."

तिनं बटण दाबलं. 'नागनाथ फोटो, सोलापूर'. सगळ्या डिस्कभर. मालकानं भिंतीसाठी दहा निवडले, त्यातले सात माझे नव्हते. नाव दहाच्या दहांवर माझं. कलावती एका लग्नाला तिथं गेली होती, येऊन म्हणाली, "हॉलमदी तुमचं फोटू बगितलं. लई ब्येस हायत." ती फार बोलणारी नव्हती. मी पेपर वाचत होतो, तसाच वाचत राहिलो.

ती माझ्याबरोबर लग्नांना यायची. माझ्या धंद्यात निम्मं काम तिचं होतं आणि ते कुठल्या चिठ्ठीत नाही. नवरीचा पदर पिनेनं बसवणं, घाम टिपणं, रडून पसरलेलं काजळ सारखं करणं, हट्टी आजीला खुर्चीवर बसवणं. मी नुसता ओरडायचो, "हसा जरा! दात दिसू देत!" चाळीस वर्षं सगळ्या सोलापूरला हसवलं मी. आणि तिला काय म्हणायचो? "तोंड मीट."

तिचे वरचे दोन दात पुढं होते. पुढं म्हणजे जरासे. पण मी टचिंगवाला. रोलच्या काळात निगेटिव्हवर टचिंग करायचो, काचेखाली दिवा लावून, टोकदार पेन्सिलनं. देवीचे वण घालवायचो, तिरळा डोळा सरळ करायचो. त्यात माझा हात पक्का होता, शिवलिंगप्पासुद्धा टचिंगला निगेटिव्ह माझ्याकडं पाठवायचा. तर लग्नानंतर तिचा पहिला फोटो मी काढला, ती हसली होती, आणि मी ब्लेडच्या टोकानं निगेटिव्हवरचे दात खरवडून काढले. ओठ मिटवले. तिला प्रिंट दाखवली. तिला आनंद होईल असं खरंच वाटलं होतं मला. तिनं फोटो बघितला आणि म्हणाली, "बरं." त्यानंतर कॅमेरा दिसला की तिचं तोंड आपोआप मिटायचं. मला सोपं झालं.

ती गेली तेव्हा दहाव्याला फोटो पाहिजे होता. मोठ्या फोटोग्राफरच्या घरात बायकोचा फोटो शोधायला अर्धा दिवस लागला. जे होते ते सगळे मिटलेले, सरकारी कागदावर असतात तसे. त्यातलाच एक मोठा केला, हार घातला. तिची धाकटी बहीण, सुमन, फोटोसमोर बसून रडायचं सोडून मला म्हणाली, "दाजी, ही कोन हो?"

आठ-नऊ महिने तोच फोटो भिंतीवर. मी त्याच्याकडं बघायचं टाळायचो.

मग एकदा दुपारी अंबिका डिस्क साफ करत होती. तिनं हाक मारली, "मामा, इकडं या." तिच्या आवाजावरून मला वाटलं डिस्क गेली. जाऊन बघतो तर पडद्यावर कलावती. कुठल्यातरी लग्नात, हॉलच्या खिडकीपाशी. तोंडात दोन सेफ्टी पिना धरल्यात, हातात नवरीचा पदर, आणि हसतेय. दोन पिना, दोन दात आणि सगळं तोंड भरून हसणं. उजेड खिडकीतला, फ्लॅश नाही.

अंबिकानं फोटो पडदाभर मोठा केला.

"काय फोटो काढलाय मामा तुम्ही!" अंबिका म्हणाली.

ते माझं काम नव्हतं, हे मला बघता क्षणी कळलं होतं. मी खिडकीच्या उजेडावर कधी भरवसा ठेवला नाही, मी समोरून फ्लॅश मारणारा. आणि तोंड उघडं असताना मी बटण दाबलंच नसतं. कुणाचा फोटो ते मनात लगेच आलं. पण अंबिकानं चिठ्ठी उघडून दाखवली. फोटो काढणारा : नागनाथ फोटो, सोलापूर. कॅमेरा : माझ्याकडं होता तोच. पुरावा सगळा माझ्या बाजूचा. शिवलिंगप्पाची डिस्क केव्हाच गेलेली, दुसरी कॉपी जगात नाही. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी तेवढंही केलं नाही.

म्हणालो, "व्हय. मीच काढला."

संध्याकाळी मुलाला दाखवला. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्यानं आयुष्यात कधी असा हात ठेवला नव्हता. वर्षश्राद्धाला हाच मोठा करून लावायचा असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अंबिका साधेपणानं विचारते, "मामा, काय बोलला होता तुम्ही? आत्या एवढ्या हसल्या."

हा प्रश्न मी स्वतःला रात्रंदिवस विचारत होतो. काय बोलला असेल तो? माझी बायको, माझ्यापासून वीस फुटांवर, कुणाच्या तरी बोलण्यावर एवढी हसली आणि मला पत्ता नाही. अंबिकाला काहीतरी थाप मारली. एका म्हाताऱ्याचा फेटा पडला म्हणून हसली. तिला आवडलं ते. म्हणाली, मग त्याच्या मागचे-पुढचे फोटो शोधते, फेटाही सापडेल.

सापडला नाही. दोन दिवसांनी ती माझ्यासमोर येऊन बसली, लॅपटॉप घेऊन. हसत नव्हती.

"मामा, कपाटातला आपला जुना कॅमेरा आणता?"

आणला.

"उलटा करा. बुडाला नंबर कोरलेला असतो, तो वाचा."

वाचला. ती पडद्यावर बघत होती. कॅमेरा चिठ्ठीत हा नंबरही लिहितो, हे मला माहीत नव्हतं. नावाच्या कप्प्यावर आम्ही लिहिलं होतं, ह्या कप्प्याला हात लावला नव्हता. मॉडेल एक असलं तरी नंबर प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा.

"त्या डिस्कवर ह्या मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांचे फोटो आहेत," ती म्हणाली. "दुसऱ्या नंबरचे चारशे बारा. आत्यांचा त्यातलाच."

मी कॅमेरा सुलटा करून ठेवला.

"तुम्ही मला सगळे आपलेच म्हणाला होता. मी विचारलं होतं. ते नाव पुसलं ते माझ्या हातानं पुसलंय मामा."

"शिवलिंगप्पाचं होतं," मी म्हणालो.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भाकरी थापल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात. जेवताना एवढंच म्हणाली, "नाव परत घालू या. पण आधी त्यांना सांगून या."

चार दिवस गेलो नाही. नाव घालायचं तर मुलाला सांगावं लागणार, तो खांद्यावरचा हात काढून घेणार. वर्षश्राद्धाला सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या बायकोचा एकमेव चांगला फोटो शिवलिंगप्पाचा निघणार. जिवंतपणी गिऱ्हाइकं नेलीस, आता हीसुद्धा? असलं काहीबाही डोक्यात. पण खरं सांगू का, शेवटी गेलो ते नावासाठी नाही गेलो. ती का हसली ते ऐकायला गेलो.

त्याच्या दुकानात आता झेरॉक्स मशीन आहे. मला बघून उठला. "बर्री, बर्री. कुंद्री." या, बसा म्हणत बसवलं. पाणी दिलं. मी पाणी न पिता मोबाइल काढून फोटो पुढं धरला.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवून बघितला. पुष्कळ वेळ बघितला. "वैनी," म्हणाला.

"तू काढलायस."

"व्हय."

"आठवतंय?"

"आठवतंय की."

"काय बोल्लास तिला?"

"कधी?"

"हितं हसली की ती. काय बोल्लास?"

आवाज चढला माझा. झेरॉक्सला आलेली एक बाई दारातूनच परत गेली. शिवलिंगप्पा मात्र सावकाश बोलला. "मी खिडकीपाशी उजेड बघत होतो. वैनीवर कॅमेरा धरला तर त्या म्हणाल्या, भाऊ, नका काढू, माझं दात दिसत्यात. आमचं ह्ये म्हणत्यात तोंड मीट. मी म्हणालो, वैनी, मला कुटलं दिसत्यात दात? माझा चष्मा गाडीत ऱ्हायलाय. तर त्या म्हणाल्या, अगं बाई, मग सकाळपासनं लगीन कुनाचं काढताय?"

एवढं बोलून तो स्वतःच हसला. "आनि लागल्या हसायला. तेवढ्यात मी दाबलं."

एवढंच. चष्मा गाडीत राहिलाय. हे मला सुचू नये? चाळीस वर्षांत एकदा?

मी विचारलं, "मग तिला दिला का न्हाईस फोटो?"

"विचारलं की. प्रिंट काढून देतो म्हणालो. म्हणाल्या, नको भाऊ. आमच्या घरात फोटोग्राफर हाय, त्याला बरं वाटायचं न्हाई."

मी ग्लास उचलला आणि पाणी पिलो. सगळं.

मग नावाचं सांगितलं. कसं पुसलं, का पुसलं, चारशे बारा. तो ऐकत होता. म्हणाला, "हॉलमदलं बगितलं होतं मी."

"मग बोल्ला का न्हाईस?"

"मला वाटलं, हॉलवाल्याची चूक."

त्याला तसं वाटलं नव्हतं, हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्याला कळत होतं. एवढी वर्षं तो त्या हॉलमध्ये लग्नांना जात होता, त्याच्याच फोटोखाली माझं नाव वाचत होता आणि समोरासमोर भेटला की मला "कसं काय नागनाथराव" म्हणत होता. मला शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्याच्या उपकारात राहिलो असतो.

म्हणाला, "नाव राहू द्या हो तुमचंच. माजी डिस्क तर कधीच गेली. आनि तुमच्या घरचा फोटो हाय."

"न्हाई. तुझंच घालनार."

"कशाला?"

"घालनार म्हंजी घालनार! एवढा मोठेपणा नको करूस माझ्यावर, सोसत न्हाई मला!"

"बरं, घाला," तो म्हणाला आणि मला चहा मागवला.

घरी येऊन अंबिकाला म्हणालो, घाल नाव. तिनं ओळी लिहिल्या. ह्या वेळेस आधी सगळ्या डिस्कची कॉपी काढून बाजूला ठेवली, मला दाखवून ठेवली. हुकूम असा, ज्या फोटोच्या चिठ्ठीत दुसरा नंबर असेल तिथंच नाव बदल. नावाच्या जागी तिनं मोकळी जागा ठेवली आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "हे तुम्ही टाइप करा."

एका बोटानं अक्षरं शोधत शोधत त्याचं नाव लिहिलं. माझ्या नावापेक्षा लांब आहे ते.

"चारशे बारा बदलायचे?"

"चारशे अकरा," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. बटणावरचं बोट काढलं नाही. पंखा फिरत होता. मी उठलो, बाल्कनीत जाऊन आलो. चपला सरळ केल्या. परत येऊन बसलो.

"बारा," म्हणालो.

सेकंदभराचं काम होतं.

मुलाला त्याच संध्याकाळी सांगितलं. तो "असू दे अप्पा" म्हणाला आणि टीव्ही लावला. हात वगैरे काही ठेवला नाही, काढलाही नाही.

वर्षश्राद्धाला फोटो लावला, तीन फूट बाय दोन फूट. शिवलिंगप्पाला जेवायला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे अंबिकानं बोलावलं. तो कोपऱ्यातल्या पंगतीत बसला होता, मान खाली घालून जेवत होता, फोटोकडं बघत नव्हता. मी वाढत होतो. फोटोत चिठ्ठी असते, चिठ्ठीत नाव घातलंय, हे तिथं कुणाला ठाऊक? कागदावर छापला की चिठ्ठी संपली. भिंतीवरच्या फोटोला पोट नसतं.

सुमन आली. चप्पल काढून आत आली, आणि फोटोसमोर उभी राहिली ती तिथंच खिळली. तोंडावर पदर धरला. मग वळून मोठ्यानं म्हणाली, "दाजी! काय फोटू काढलाय हो तुमी! आक्का बोलतीय की काय आसं वाटतंय!"

पंगत थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुलगा बघत होता. अंबिका दारात उभी होती, तीही. शिवलिंगप्पा भाताचा घास कालवत राहिला, मान वर केली नाही. तो जन्मात बोलणार नव्हता.

"मी न्हाई काढला," मी म्हणालो. "शिवलिंगप्पानं काढलाय."

म्हणालो खरा, पण आवाज फुटलाच नाही. सुमन पुढं वाकली, कानामागं हात धरला.

"कोन म्हनला?"

हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ते नाव मला पुन्हा घ्यावं लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.